टगवरील उमेदवारी

मुंबईच्या बंदरांत शिरणाऱ्या मोठ्या आगबोटीकडे किनाऱ्यावरून पाहणाऱ्या मनुष्याचें लक्ष साहजिकच तिच्या लांबीकडे, उंचीकडे आणि तिच्यावर रचलेल्या कंटेनरांच्या रंगीबेरंगी भिंतीकडे जातें. तिच्या नाळेशीं अगर पाठीशीं चिकटून चालणारी, बुटकी, रुंद अंगाची, कडेनें काळें रबर बांधलेली एक लहानशी बोट त्याच्या दृष्टीस पडली तरी मनांत भरत नाहीं. परंतु ती अवाढव्य आगबोट धक्क्याला सुखरूप लागणें हें पुष्कळ अंशीं या लहान बोटीवर अवलंबून असतें. तिला टग म्हणतात. ‘ओढनौका’ असा शब्द बनवितां येईल. पण ज्यांचें पोट त्या नौकेवर चालतें त्यांच्या तोंडीं तो नाहीं, म्हणून येथेंही टग हाच शब्द ठेवणें बरें.

दहावी उत्तीर्ण झालेल्या, समुद्रकांठीं वाढलेल्या मुलानें टगवर नोकरी धरावी काय, धरावयाची तर प्रारंभ कोठून करावा, आणि त्याला निरोप देण्यापूर्वीं घरच्या वडील मंडळींनीं कोणत्या गोष्टींची चौकशी करून घ्यावी, हा या भाषणाचा विषय आहे. उदाहरणादाखल करंजा हें एक गांव डोळ्यांसमोर ठेविलें म्हणजे विवेचन हवेंत राहणार नाहीं.

करंजा हें उरणच्या दक्षिणेस, द्रोणागिरीच्या डोंगराच्या आश्रयानें वसलेलें बंदर आहे. उरण हा पूर्वीं पनवेल तालुक्याचा महाल होता. आतां तो रायगड जिल्ह्यांतील स्वतंत्र तालुका आहे. पोर्तुगीज लोक सबंध उरणच्या बेटालाच करंजा म्हणत. समोर खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यांतलें रेवस. मधून लाँच ये-जा करते. खाडीनें आंत गेलें कीं धरमतर लागतें, आणि तेथून जवळच डोलवीचा पोलादाचा कारखाना आहे. त्याचा कच्चा माल बार्जांतून याच पाण्यावरून वर चढतो. उत्तरेस न्हावा-शेवा, पश्चिमेस मुंबईचें बंदर, आणि त्यापलीकडे खुला दर्या. करंज्याच्या कोळीवाड्यांतल्या मुलाच्या चहूंकडे अशी जहाजांची वर्दळ असते. आणि तरीही त्या जहाजांवर त्याचा हक्काचा असा एकही जिना नसतो.

हा विरोधाभास नीट समजून घेतला पाहिजे. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. त्यापूर्वीं या भागांतील जमिनी नव्या शहरासाठीं आणि बंदरासाठीं संपादन होत असतां जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं मोठें आंदोलन झालें आणि गोळीबारांत पांच माणसें बळी पडलीं. पुढें बंदर वाढत गेलें, खाड्यांचीं मुखें बदललीं, आणि मासळीचीं ठिकाणें हातचीं गेलीं. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें उरण परिसरांतील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारें ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. ज्या पाण्यानें आजवर पोसलें तें पाणी दुसऱ्यांच्या कामीं लागलें, ही भावना येथील घराघरांत आहे आणि ती निराधार नाहीं. म्हणून या गांवच्या मुलाला ‘बंदरावर काम कर’ असें सहज सांगून मोकळें होतां येत नाहीं. परंतु त्याच बंदरांत २०२४-२५ या एका वर्षांत सत्तर लाखांहून अधिक कंटेनर-एककांची चढउतार झाली, हेंही तितकेंच खरें आहे. एवढा माल घेऊन येणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजाला टग लागते. आणि टगला माणूस लागतो. तो माणूस कोठला असावा, हा प्रश्न करंज्याच्या दृष्टीनें क्षुल्लक नाहीं.

मोठें जहाज लहान नौकेनें ओढून नेण्याची कल्पना या किनाऱ्याला परकी नव्हे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारांत गुराब आणि गलबत असे दोन मुख्य प्रकार होते. गुराब जड, तोफांनीं भरलेला. गलबत हलकें, वल्ह्यांवर चालणारें. वारा पडला कीं गलबतें गुराबांना दोरानें ओढून हव्या त्या जागीं नेत, आणि शत्रूचें शिडाचें जहाज जागच्या जागीं खिळून राहिलेलें असतां त्याच्यावर तोफा रोखीत. ज्या बळानें हें काम होई तें बळ मनुष्याच्या दंडांतलें होतें. वाफेचें बळ त्या कामीं लावण्याचा मान स्कॉटलंडांतील विल्यम सिमिंग्टन याच्या ‘शार्लट डंडस’ या नौकेकडे जातो. मार्च १८०३ मध्यें तिनें एका कालव्यांतून सत्तर सत्तर टनांच्या दोन नौका साडेएकोणीस मैल ओढून नेल्या. पुढें पस्तीस वर्षांनीं ‘टेमेरेअर’ हें ट्राफल्गारच्या लढाईंत गाजलेलें शिडाचें जहाज मोडावयास नेतांना वाफेच्या टगबोटींनींच ओढलें. टर्नर या चित्रकारानें १८३९ सालीं प्रदर्शनांत मांडलेल्या चित्रांत तो प्रसंग आहे. पाहणाऱ्याला हळहळ वाटते ती जुन्या जहाजाची. पण काम करीत असते ती काळी, धूर ओकणारी टग!

मुंबईंत प्रिन्सेस डॉक १८८० सालीं आणि अलेक्झांड्रा डॉक १९१४ सालीं खुला झाला. या दुसऱ्या गोदीला आतां इंदिरा डॉक म्हणतात. तिच्या दारांतील पाण्याची कोंडी ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद आहे. भरतीओहोटीच्या प्रवाहांतून आलेलें जहाज अशा अरुंद दारांतून आंत घालावयाचें तर तें इंचाइंचानें सरकवावें लागतें. आणि ज्या यंत्रानें जहाज महासागर ओलांडतें तें यंत्र येथें जवळजवळ निरुपयोगी ठरतें. कारण सुकाणूचा जोर त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्यावर असतो. वेग कमी झाला कीं सुकाणू लुळें पडतें. त्यांत कंटेनरांच्या उंच भिंतीवर वारा आदळला म्हणजे साडेतीनशें मीटर लांबीचें जहाज एकाद्या शिडासारखें बाजूला वाहूं लागतें. त्या वेळीं नाळेशीं एक आणि पाठीमागें एक अशा टगबोटी त्याला आवरतात, वळवितात, थोपवितात आणि शेवटीं धक्क्याला हळूच टेकवितात.

हें साहाय्य वेळेवर नसलें तर काय होतें याची उदाहरणें दूर शोधावयास नकोत. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराच्या तोंडाशींच ‘एम. एस. सी. चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली; शेंकडों कंटेनर समुद्रांत पडले, तेल पसरलें, आणि दोन्ही बंदरांची वाहतूक कित्येक दिवस खोळंबली. २६ मार्च २०२४ रोजीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें ‘डाली’ हें जहाज धक्क्यावरून निघालें. टगबोटींनीं त्याला सोडून दिल्यानंतर थोड्याच वेळांत त्याची वीज गेली, तें पुलाच्या खांबावर आदळलें, पूल कोसळला आणि पुलावर काम करणारे सहा मजूर मरण पावले. उलट बाजूचें उदाहरण सुएझ कालव्याचें आहे. ‘एव्हर गिव्हन’ हें चारशें मीटर लांबीचें जहाज २३ मार्च २०२१ रोजीं कालव्यांत आडवें रुतलें. तें २९ मार्चला सुटलें, तें गाळ उपसणाऱ्या यंत्रांच्या, टगबोटींच्या आणि पौर्णिमेच्या उधाणाच्या संयुक्त बळावर. करंज्याच्या कोणत्याही म्हाताऱ्या तांडेलाला हें ऐकून आश्चर्य वाटणार नाहीं. उधाणाला रुतलेला मचवा सुटतो आणि भांगाच्या पाण्यांत तो तसाच बसून राहतो, हें त्याला लहानपणापासून ठाऊक असतें.

टगची शक्ति मोजण्याची रीत सोपी आहे. तिला किनाऱ्यावरील भक्कम खुंट्याला दोरानें बांधतात, पूर्ण जोरानें चालवितात, आणि दोरावर किती टनांचा ताण आला तें मोजतात. पन्नास-साठ टनांची ओढ असणाऱ्या टगबोटी आतां मोठ्या बंदरांत सर्रास दिसतात. जुन्या टगला मागें एक पंखा आणि एक सुकाणू असे; ती जिकडे तोंड करी तिकडेच ओढी. नव्या टगचे दोन पंखे उभ्या आंसाभोंवतीं पूर्ण वर्तुळांत फिरतात, त्यामुळें ती पुढें, मागें, आडवी, जागच्या जागीं गरगर अशी कशीही फिरते. ही सोय वाढली तसा चालविणाऱ्याचा भारही वाढला. कारण दोन्ही हातांतल्या दोन दांड्यांची थोडी चूक झाली तरी साठ टनांची ओढ भलतीकडे लागते.

अशा टगवर साधारण सात-आठ ते दहा माणसें असतात. मास्टर, यंत्र सांभाळणारा इंजिनियर अगर ड्रायव्हर, त्याच्या हाताखालचा तेलवाला, डेकवरचे खलाशी आणि स्वयंपाक पाहणारा भंडारी. खलाशांच्या पुढाऱ्याला सारंग म्हणण्याचा प्रघात शेंकडों वर्षांचा आहे. हिंदी खलाशांची बोली फारसी, पोर्तुगीज, हिंदुस्थानी आणि कोंकणी शब्दांच्या मिश्रणानें बनली. दोर सैल सोडावयास ‘आरिया’ आणि ताणावयास ‘हबेस’ हे पुकारे त्याच बोलींतले. थॉमस रोबक यानें १८११ सालीं या नाविक बोलीचा कोशही छापला होता. दोर आणि कप्पी यांचें काम जेथें जेथें चालतें तेथें हे पुकारे अजूनही कानीं पडतात.

नव्या खलाशाच्या वांट्यास येणारें पहिलें काम दोराचें. जहाज जवळ आलें कीं त्याच्या उंच डेकवरून एक बारीक फेकदोरी खालीं येते. तिचें टोंक झेलून तें टगच्या जाड दोराला बांधावयाचें; वरची माणसें फेकदोरी ओढून जाड दोर वर घेतात आणि त्याचा फांसा लोखंडी खुंट्यावर घालतात. काम एवढेंच. पण तें रात्रीं, पावसांत, हेलकावणाऱ्या डेकवर, आणि जहाजाची भिंत हातभर अंतरावरून सरकत असतां करावयाचें असतें. जहाज चालत असलें म्हणजे त्याच्या नाळेजवळचें पाणी एका ठिकाणीं टगला दूर लोटतें आणि दुसऱ्या ठिकाणीं आंत खेंचतें. मास्टरचें सर्व लक्ष या लोटण्या-खेंचण्याकडे असतें. अशा वेळीं खलाशाने गोंधळून ओरडलें किंवा सांगितल्यापूर्वीं दोर अडकविला तर सबंध टग संकटांत येते. जहाजावरच्या पायलटची आज्ञा वायरलेसवर येते, मास्टर ती उलट उच्चारतो आणि मगच हालचाल होते. आज्ञा ऐकून ती परत उच्चारण्याची ही शिस्त नव्या मुलाला प्रथम विचित्र वाटते. कांहीं महिन्यांनीं ती त्याच्या अंगवळणीं पडते आणि घरींही सुटत नाहीं.

कोळ्याच्या मुलाला या कामांत जन्मजात कांहीं भांडवल असतें. भरतीचा वेळ त्याला पंचांग न पाहतां समजतो. वाऱ्याची दिशा बदलली कीं पाण्याचा रंग आणि लाटेची चाल कशी पालटते हें तो जाणतो. हलत्या फळीवर त्याचा तोल जात नाहीं, दोराची गांठ त्याच्या बोटांना शिकवावी लागत नाहीं, आणि रात्रींच्या दर्याची भीति त्याला नसते. परंतु याच भांडवलांत एक धोकाही दडलेला आहे. होडीवर धाडस हा गुण असतो. तांडेल स्वतःच्या अंदाजानें चालतो आणि बहुधा तो अंदाज बरोबर निघतो. टगवर अंदाजापेक्षां नियम मोठा. तेथें जीवरक्षक जाकीट न घालतां डेकवर येणें हा गुन्हा आहे, मग पोहणारा कितीही पटाईत असो. पायांत चप्पल घालून दोरावरून उडी मारणारा मुलगा होडीवर चपळ ठरेल. टगवर त्याला पहिल्याच दिवशीं खालीं उतरवितील, आणि तें योग्यच होईल.

कां, तें नीट ऐकून घेणें जरूर आहे. टगचे मुख्य धोके तीन. पहिला दोराचा. ताणलेला दोर तुटला कीं त्याचें टोंक चाबकासारखें मागें येतें आणि वाटेंत सांपडलेल्या माणसाचे हातपाय अगर प्राण घेऊन जातें. म्हणून ताणाच्या रेषेंत उभें राहूं नये, आणि सैल पडलेल्या दोराच्या वेढ्यांत पाऊल कधींही ठेवूं नये. कारण तो वेढा क्षणांत आवळतो. दुसरा धोका टग आडवी ओढली जाण्याचा. दोर पाठीमागून न येतां बाजूनें ताणला गेला तर जहाजाचें वजन टगला कुशीवर पाडतें, डेकची कड पाण्याखालीं जाते, आणि उघड्या दारांतून पाणी आंत शिरलें तर ती अर्ध्या मिनिटांतही उलटूं शकते. म्हणून ओढ चालू असतांना दारें आणि झडपा घट्ट बंद ठेवण्याचा दंडक आहे, आणि दोर एका खटक्यानें सुटावा अशी योजना असते. इंजिनच्या खोलींत उकाडा होतो म्हणून दार जरा उघडें ठेवणारा मनुष्य दुष्ट नसतो. पण त्याच्या त्या जराशा सवलतीची किंमत सर्वांना द्यावी लागते. तिसरा धोका हवामानाचा, आणि त्याची आठवण मुंबईच्या किनाऱ्याला अजून ताजी आहे.

१७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळानें मुंबईजवळच्या तेलक्षेत्रांत थैमान घातलें. ‘पी-३०५’ ही माणसांच्या निवासाची बार्ज नांगर तुटून वाहत गेली आणि बुडाली; तिच्यावर २६१ माणसें होतीं, त्यांपैकीं सत्तरांहून अधिक दगावलीं. त्याच वादळांत ‘वरप्रदा’ नांवाची टग बुडाली. तिच्यावर तेरा माणसें होतीं, दोघे वांचले. वादळाची सूचना आगाऊ मिळालेली होती. सूचना मिळाल्यावर नौका बंदरांत आणावयाची कीं नाहीं, हा निर्णय डेकवरचा खलाशी करीत नाहीं. त्या निर्णयाचें फळ मात्र त्याला भोगावें लागतें. टगवर मुलाला पाठविणाऱ्या प्रत्येक घरानें ही गोष्ट मनांत ठेवावी. रेवसच्या वाटेवर १७ जुलै १९४७ रोजीं ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, तिची आठवण खाडीच्या दोन्ही तीरांवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दर्यावर्दी घराला भय शिकवावें लागत नाहीं. त्या भयाचें रूपांतर चौकशींत करावें, एवढेंच येथें सुचवावयाचें आहे.

आतां प्रारंभ कोठून करावयाचा तें पाहूं जातां दोन वाटा दिसतात, आणि त्यांची गल्लत केल्यामुळें पुष्कळ तरुणांचीं उमेदीचीं वर्षें फुकट जातात. पहिली वाट खाडी, नदी आणि बंदराच्या आंतल्या पाण्याची. या पाण्यावरील नौकांना २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम लागू आहे. त्यानें १९१७ चा जुना कायदा बाजूला सारला. महाराष्ट्रांत हें काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतें, आणि उरणकरांच्या सोयीचें त्याचें बंदर कार्यालय मोरा येथें आहे. जुन्या कायद्यापासून चालत आलेली चढण अशी कीं, प्रथम खलाशी म्हणून सेवा, मग सारंगाची परीक्षा, मग दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाच्या मास्टरची. यंत्राच्या बाजूला त्याचप्रमाणें इंजिन ड्रायव्हरच्या पायऱ्या. नव्या नियमांत पदांचीं नांवें आणि वर्ग यांत फेरफार झाला आहे, परंतु सेवा आणि परीक्षा यांची साखळी तीच आहे.

दुसरी वाट समुद्रगामी आणि किनारी जहाजांची. ती केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाच्या ताब्यांत आहे. या वाटेनें जाणाऱ्याला खलाशाची नोंदवही लागते. तिला सर्वत्र सी. डी. सी. म्हणतात. ती मिळण्यापूर्वीं मान्यताप्राप्त संस्थेंत शिक्षण घ्यावें लागतें. दहावी उत्तीर्ण मुलासाठीं जी. पी. रेटिंग नांवाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे; त्यासाठीं वयाची मर्यादा साधारण साडेसतरा ते पंचवीस वर्षांची. पाण्यांत जीव वांचविणें, आग विझविणें, प्रथमोपचार आणि जहाजावरील सुरक्षित वर्तन हे चार पाठ प्रत्येकाला अनिवार्य आहेत. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानें ते ठरविले. नियमांत वेळोवेळीं बदल होतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वीं महासंचालनालयाचें ताजें परिपत्रक वाचणें हाच खात्रीचा मार्ग. उरणजवळच न्हावा येथें ‘टी. एस. रहमान’ ही खलाशांना शिक्षण देणारी जुनी संस्था आहे, ही या भागांतील मुलांना मोठी सोय होय.

वैद्यकीय तपासणींत डोळ्यांची परीक्षा सर्वांत कसून होते, आणि तेथें पुष्कळांना अनपेक्षित धक्का बसतो. रात्रीं समुद्रावर सर्व भाषा दिव्यांची असते. डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा. ओढीचें काम चालू असलेल्या टगच्या डोलकाठीवर एकाखालीं एक दोन पांढरे दिवे, ओढलेली नौका दोनशें मीटरांहून लांब पसरली असेल तर तीन, आणि पाठीमागें पांढऱ्या दिव्यावर एक पिंवळा. तांबडा आणि हिरवा यांतला फरक ज्याच्या डोळ्यांना समजत नाहीं त्याला डेकवर स्थान नाहीं. असा दोष मनुष्याला स्वतःला ठाऊक नसतो. म्हणून शिक्षणाची फी भरण्यापूर्वीं डोळ्यांची तपासणी मान्यताप्राप्त डॉक्टरकडून करून घेणें हें साध्या शहाणपणाचें लक्षण आहे. उलट क्रमानें गेलेल्या घरांना कर्ज तेवढें उरतें.

फीचा विषय निघाला म्हणजे दलालांचा विषय टाळतां येत नाहीं. समुद्रावरील नोकरी लावून देतों असें सांगणारे लोक कोंकणाच्या प्रत्येक तालुक्यांत भेटतात. त्यांतले कांहीं प्रामाणिक असतील. परंतु कायद्याची रेषा स्पष्ट आहे. खलाशी भरती करणाऱ्या संस्थेजवळ महासंचालनालयाचा परवाना असलाच पाहिजे, आणि नोकरी देण्याबद्दल तिनें खलाशाकडून पैसे घेणें निषिद्ध आहे. जो मनुष्य नोकरीपूर्वीं मोठी रक्कम मागतो आणि परवान्याचा क्रमांक दाखवावयास टाळतो, त्याच्याशीं पुढें बोलण्याचें कारण नाहीं. आईच्या अंगावरचे दागिने गहाण ठेवून मिळविलेली नोंदवही बनावट निघाली म्हणजे पैसा जातो, शिवाय मुलाच्या नांवावर कायमचा डाग बसतो.

दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट सेवेच्या दाखल्याची. टगवर काढलेला प्रत्येक महिना कागदावर आला पाहिजे: नौकेचें नांव, तिचा आकार, तिच्या इंजिनाची शक्ति, पद, रुजू होण्याची आणि सुटण्याची तारीख, आणि अधिकाऱ्याची सही. परीक्षेला बसतांना तोंडी अनुभवाला किंमत नसते. बंदराच्या आंत केलेली सेवा समुद्रावरच्या परीक्षेला जशीच्या तशी धरली जाईलच असें नाहीं. आणि बापाच्या होडीवर काढलेलीं दहा वर्षें आपोआप कागदावर उतरत नाहींत. टगवरचें पुष्कळसें काम आज ठेकेदारामार्फत होतें. ठेका बदलला कीं जुना ठेकेदार दाखला द्यावयास सांपडत नाहीं. म्हणून तो त्या त्या वेळींच मागून घ्यावा. मागण्यांत संकोच वाटतो खरा, आणि नव्या मुलाला तो अधिकच वाटतो. पण पांच वर्षांनीं सारंगाच्या परीक्षेच्या दारांत उभें राहून परत फिरण्यापेक्षां हा संकोच सोसणें सोपें.

काम मिळाल्यानंतरचें जीवन कसें असतें? बंदरांतल्या टगवर पाळी असते. पाळी संपली कीं करंज्याचा मुलगा घरीं येऊन जेवूं शकतो, आणि हेंच या नोकरीचें मोठें आकर्षण होय. परदेशी जाणाऱ्या जहाजावर सहा-आठ महिने घराचें तोंड दिसत नाहीं. उलट किनाऱ्यावरून लांब ओढीला जाणारी अगर तेलक्षेत्रांत राबणारी टग आठवडेच्या आठवडे बाहेर राहते. तेथें सहा तास काम आणि सहा तास विश्रांति असें चक्र रात्रंदिवस चालतें. झोंप तुकड्यातुकड्यांनीं मिळते. टग लहान असल्यामुळें हालते फार, आणि इंजिनचा आवाज उशीखालीं असतो. नारळी पौर्णिमेला आणि होळीच्या रात्रीं सारा कोळीवाडा जागत असतां पाळीवरचा मुलगा दूरून दिवे पाहतो. हें सर्व घरच्यांनीं आधींच समजून घेतलें तर पहिल्या सणाला वाद होत नाहीं. पावसाळ्यांत मासेमारी बंद असते, तेव्हां होडीवर अवलंबून असलेल्या घराला या पगाराचा मोठा आधार होतो. कित्येक घरांत एक भाऊ जाळ्यावर आणि एक भाऊ बंदरावर अशी वांटणी दिसते. तिच्यांत दोन्ही धंद्यांचें रक्षण आहे.

आणि पुढची चढण खरी आहे. डेक धुण्यापासून आरंभ करून मास्टरच्या खुर्चीवर बसलेलीं माणसें प्रत्येक बंदरांत दाखवितां येतात. त्यांना पुढें नेणारा गुण बहुधा एकच असतो: रिकाम्या वेळांत ते इंजिनच्या खोलींत अगर मास्टरच्या पाठीशीं उभे राहून पाहत असत आणि विचारीत असत. पुढील काळांत हें विचारणें अधिकच लागणार आहे. न्यूझीलंडांतील ऑकलंड बंदरांत २०२२ सालीं सत्तर टनांच्या ओढीची, केवळ विजेवर चालणारी टग कामावर आली. भारत सरकारनें हरित टगबोटींची योजना हातीं घेतली असून तिच्या पहिल्या टप्प्यांत जवाहरलाल नेहरू बंदराचाही समावेश आहे. वाफ गेली आणि डिझेल आलें तेव्हां कोळसा झोंकणाऱ्याचें काम संपलें. डिझेल जाऊन बॅटरी आली म्हणजे तेलवाल्याचें काम बदलेल. दोर झेलणाऱ्याचें आणि पाणी ओळखणाऱ्याचें काम मात्र राहील. त्याला विजेचें थोडें ज्ञान आणि वाचण्यापुरतें इंग्रजी यांची जोड मिळाली तर करंज्याच्या मुलाला कोणापुढें कमीपणा घ्यावयाचें कारण उरणार नाहीं.

टगवरच्या माणसाकडे जगाचें लक्ष संकटाच्या दिवशींच जातें. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचेवर करंज्याजवळच्या पाण्यांत नौदलाची वेगवान नौका आदळली आणि तेराहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या घटकेला बंदराच्या पायलट-बोटीवरील खलाशी आणि आसपासच्या नौका मदतीला धांवून गेल्या म्हणून कित्येकांचे प्राण वांचले. त्यांत लहान मुलेंही होतीं. त्या खलाशांची नेमणूक माणसें वांचविण्यासाठीं नव्हती. नित्याचें काम करीत असतां तें काम त्यांच्यापुढें आलें, आणि त्यांना तें करतां आलें, कारण हात, दोर आणि पाणी यांची ओळख त्यांना नित्याच्या कामानेंच झाली होती.

म्हणून ज्या घरांतला मुलगा टगवर जावयास निघाला असेल त्या घरानें चार प्रश्न विचारावे. त्याचे डोळे तपासले आहेत काय? खाडीची वाट कीं समुद्राची, हें ठरलें आहे काय? नोकरी देणाऱ्याजवळ परवाना आहे काय, आणि तो सेवेचा दाखला देतो काय? आणि वादळाची सूचना आली असतां ही टग बंदरांत परत येते काय? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर मिळतात. चौथ्याचें उत्तर धक्क्यावर जाऊन, त्या टगवर पूर्वीं काम केलेल्या खलाशांना विचारूनच मिळेल. तें विचारावयास एक दिवस मोडला तरी चालेल. चारही उत्तरें समाधानकारक असलीं तर मुलाला खुशाल जाऊं द्यावें.